बिनखिडकीची केबिन

३ फेब्रुवारी

छकुले,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मला एक आख्खं वाक्य बोलायचंय, म्हणून लिहायला बसले.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आम्हाला बोटीची सहल दिली आहे, हे तुला ठाऊक आहेच. दहा दिवस पाण्यावर. थोरल्यानं वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली केबिन घेतली. सूनबाईंनी फोटो दाखवला: बाल्कनीत दोन खुर्च्या, खुर्च्यांसमोर समुद्र, बाकी काही नाही. "आई, डोळे उघडले की समोर सूर्योदय!" असं ती म्हणाली. मी म्हटलं, "वा."

काल मी एकटीच टूर कंपनीच्या ऑफिसात गेले आणि त्याच बोटीवर स्वतःसाठी दुसरी केबिन घेऊन आले. आतली. बोटीच्या पोटात असते ती. चारी बाजूंनी भिंती.

काउंटरवरच्या मुलीला वाटलं, मी चुकून बोट ठेवलं.

"आजी, ह्या केबिनला खिडकी नसते."

"म्हणूनच."

"बाहेरचं काही दिसत नाही हं. दिवा मालवला की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही."

"तसं लेखी देता का?"

तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी विचारलं, सोबत कोण आहे. म्हटलं, नवरा आहे, पण तो वर असेल, बाल्कनीत. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काकू, सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, "ठीक नसतं तर वेगळी बोट घेतली असती."

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन. तू कोणाजवळ बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याजवळ तर मुळीच नको, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अक्का


९ फेब्रुवारी

अक्के,

'तीर्थस्वरूप' लिहिणार होते, पण तसं तू काही शिल्लक ठेवलेलं नाहीस.

पत्र पार्लरमध्ये आलं. एका बाईंच्या भुवया कोरता कोरता वाचलं. त्यांची डावी भुवई आता कायमची आश्चर्यात आहे आणि दोष तुझा आहे.

चाळीस वर्षं झाली म्हणून लोक हार घालतात. तू वेगळी खोली घेतेस! भावोजींसारखा माणूस दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही. व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही. लोकांच्या चुका काढतात हे खरं, पण छापखान्यात मुद्रितं तपासायला होते, त्याचाच त्यांना पगार होता. घोरतात का? घोरत असतील तर कानात बोळे घाल. उजेडाचा त्रास असेल तर डोळ्यांवरची पट्टी पाठवतेय, आमच्याकडे फेशियलला वापरतो ती. गार लागते, पण झोप येते. बायका खुर्चीतच घोरतात.

खरं सांग, भांडलात का? बाहेर काही आहे का? ह्या वयात बाहेर काही असलं तरी ते डॉक्टरच असतात म्हणा.

आमच्या ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं त्यांनी आपल्या मनानं जुळवलं आणि तू वेगळं राहायचा विचार करतेयस असं त्यांचं ठाम मत झालं. दादाला फोन त्यांनी केला. मी फक्त नंबर लावून दिला.

तुझी (अजून तरी),
छकुली


१६ फेब्रुवारी

छकुले,

दादाचा फोन येऊन गेला. सख्ख्या भावानं पहिला प्रश्न विचारला, घर कोणाच्या नावावर आहे. मी म्हटलं, तुझ्या नाही, निजून राहा.

पट्टी मिळाली. लावल्यावर मी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यासारखी दिसते. ह्यांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" म्हटलं, "कुठे नाही." झालं, तेवढंच आमचं संभाषण.

आता नीट ऐक, दोनदा लिहायची नाही.

मी एकतीस वर्षं दवाखान्यात रात्रपाळी केली. रात्रपाळी करणारी बाई घरी कधी झोपते? दिवसा. आणि दिवसाच्या झोपेला कोणी झोप म्हणत नाही. "जरा पडलीये," म्हणतात. पडलेल्या माणसाला कोणीही उठवावं. गॅसवाला उठवतो, शाळेतून आलेली पोरं उठवतात, शेजारीण 'झोपली होतीस का?' असं विचारायला उठवते. आणि पडदा कितीही जाड घे, ऊन कडेनं घुसतंच. इतक्या वर्षांत मी एकदाही काळ्याकुट्ट खोलीत पोटभर झोपलेले नाही. मरणापूर्वी एकदा झोपावं म्हणते. मेल्यावर मिळेलच, पण तेव्हा त्याची मजा कळायची नाही.

निवृत्त होऊन वर्ष झालं. आता मी रात्री घरी असते आणि मला रात्री झोप येत नाही. ह्यांनाही येत नाही, कारण इतकी वर्षं आख्ख्या पलंगावर आडवेतिडवे झोपायची सवय. एकमेकांची झोपमोड नको म्हणून दोघंही दोन मढ्यांसारखे निपचित पडून असतो. पहाटे कुठे माझा डोळा लागतो, तर हे पडदे सरकवतात. "चला, उजाडलं!" छकुले, जिथे उजाडतच नाही अशी जागा मला हवी आहे. ती बोटीवर मिळते, मी घेतली. एवढंच.

नाही, एवढंच नाही. तू विचारलंस म्हणून लिहिते. मी सकाळी घरी यायचे तेव्हा हे कामावर निघायचे. मुलांच्या शाळा, सासूबाईंचं ऑपरेशन, हे घर घ्यायचं की नाही, सगळं दारातच ठरलं. मी चप्पल काढता काढता आणि हे घालता घालता. आमचा संसार उंबऱ्यावर झाला आणि बरा झाला. आता मुलांनी समुद्रासमोर दोन खुर्च्या मांडून दिल्यात. दहा दिवस तिथे बसून आम्ही बोलायचं काय? समुद्र तरी किती बघणार? मला सूर्योदयाचं काही नाही. त्या दोन खुर्च्यांची धास्ती वाटते.

हे पत्र वाचून फाडून टाक. भुवया कोरताना वाचू नकोस.

अक्का


२१ फेब्रुवारी

ती. भावोजींना,

पत्र अक्काच्या हाती पडू नये म्हणून पाकिटावर मुद्दाम विमा कंपनीचं नाव टाकलंय. विमा म्हटलं की ती उघडत नाही.

तुम्हाला अंधारात ठेवणं माझ्या मनाला पटत नाही, म्हणून लिहिते. अक्कानं बोटीवर स्वतःपुरती दुसरी केबिन घेतली आहे. खिडकी नसलेली. आमचे हे म्हणतात, घटस्पोटाची सुरुवात अशीच होते. मला तसं वाटत नाही. ती म्हणते, तिला झोपायचंय.

शिवाय तुमच्या बाल्कनीतल्या दोन खुर्च्यांची तिला भीती वाटते. मी टूर कंपनीला फोन करून विचारलं. ते म्हणाले, खुर्च्या मजबूत आहेत, आजवर तक्रार नाही. हव्या असतील तर गादीवाल्या देतील. तेवढं करून घ्या म्हणजे तिचं मन वळेल.

मी लिहिल्याचं तिला कळू देऊ नका. ती माझं तोंड बघणार नाही, आणि मला तर बहीण एकच आहे.

छकुली


२७ फेब्रुवारी

चि. छकुलीस,

पत्र पोचलं. 'घटस्पोट' असा शब्द नाही. 'घटस्फोट' आहे, पण आमच्या घरी त्याची गरज नाही.

केबिनचं मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रानं कळलं. वाईट वाटलं का, असं तुझ्या मनात येईल. वाटलं. मग त्याच दुपारी सोफ्यावर मला गाढ झोप लागली, आणि मग त्याचंही वाईट वाटलं.

खुर्च्यांचा विषय तुला नीट समजलेला नाही. मला समजला. गादी नको.

लोक निवृत्तीनंतर काय करायचं ते ठरवतात. तिच्या निवृत्तीनंतर आपण तिच्याशी काय काय बोलायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. ती निवृत्त झाली, घरी आली, समोर बसली आणि मला पहिलं वाक्य सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, स्वतःचं एक जुळेना. मग मी पडदे उघडायला लागलो. माणसाला काहीतरी करावं लागतं.

मी तिला काही विचारणार नाही. तिच्या सोयीनं ती सांगेल. सांगेल तेव्हा मला काही माहीत नव्हतं असा चेहरा करीन. आरशासमोर सराव चालू आहे.

तुझ्या यजमानांना नमस्कार. त्यांना हे पत्र दाखवू नये.

तुझा,
भावोजी


१६ मार्च, बोटीवरून

छकुले,

बोट आज एका बंदराला लागली आहे. टपालपेटी दिसली, म्हणून हे.

ह्यांना मी बोटीवर चढायच्या रांगेत सांगितलं. मागे माणसं, पुढे माणसं, म्हणजे आवाज चढायची भीती नाही. म्हटलं, "अहो, मी खाली वेगळी केबिन घेतलीये. खिडकी नसलेली. झोपायला." हे म्हणाले, "अरे वा! असं का?" आणि दोन्ही भुवया वर केल्या. छकुले, चाळीस वर्षांत ह्या माणसाच्या दोन भुवया एका वेळी वर गेलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. तुला काही माहीत आहे का? विचार करून उत्तर दे.

केबिन छान आहे. एका माणसाचा पलंग, एक कपाट आणि एक भिंत जिच्यावर पडदा लावलाय. मला शंका आली, सरकवून पाहिला. मागे आरसा. खिडकी म्हणून उघडली आणि आपलंच थोबाड दिसलं. पुन्हा उघडला नाही.

दिवा मालवला. त्या मुलीनं सांगितलं ते खोटं नव्हतं. हात दिसला नाही, नाक दिसलं नाही, मी आहे की नाही तेही दिसलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

उठले, आंघोळ केली, नाश्त्याला वर गेले. जेवणाच्या हॉलमध्ये मेणबत्त्या लावलेल्या आणि पुरुष टाय बांधून बसलेले. मला वाटलं, इथे नाश्ता असाच करत असतील. दूध मागितलं. वाढप्यानं दिलं आणि विचारलं, "मॅडम, सूप आधी की नंतर?" तेव्हा कळलं की संध्याकाळ झाली आहे.

कोपऱ्यातल्या टेबलावर हे दिसले. सोबत माझ्या मजल्यावरच्या केबिन आवरणारी बाई, आणि तिच्यापुढे बोटीचा एक अधिकारी. मला बघून तिघंही उभे राहिले. दिवसभर मी दार उघडलं नव्हतं ना. ह्यांनी ठोठावलं, मी ऐकलं नाही. शेवटी त्या बाईनं आपल्या किल्लीनं दार उघडून डोकावलं. ती मला म्हणाली, "मॅडम घोरत होत्या, म्हणून परत ओढून घेतलं."

"मग अधिकारी कशाला?" मी विचारलं.

"साहेबांना माझं पटेना. म्हणाले, ती घोरत नाही."

हे मान खाली घालून पाव कुरतडत होते. मी म्हटलं, "काळजी वाटली का?"

"छे. चौकशी केली."

ते दोघं गेल्यावर ती बाई परत आली, माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली की साहेब सकाळपासून तुमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते, दुपारी जेवायलाही गेले नाहीत, आत्ताच अधिकाऱ्यांना गाठायला वर आले. माझा घास जरा अडकला. मासा होता, काटा असेल.

तेव्हापासून असंच चाललंय. एकत्र जेवतो, डेकवर एक फेरी मारतो, मग जिन्यापाशी "बरंय" म्हणून हे वर जातात आणि मी खाली. एखाद्या बऱ्यापैकी ओळखीच्या माणसासारखं. झोप उत्तम. हवं होतं ते मिळालं. आता मिळालेलं घेऊन काय करायचं, ते कळेनासं झालंय.

अक्का


२० मार्च

अक्के,

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय. परत याल तेव्हा दारात पडलेलं असेल.

भावोजींच्या भुवयांबद्दल मला काही माहीत नाही. भुवया त्यांच्या आहेत, त्यांनी वर कराव्यात की खाली.

हे वाक्य मी काल लिहिलं होतं. आज टीव्हीवर तुमच्या बाजूच्या समुद्रात वादळ दाखवतायत. तुमचे दोघांचेही फोन लागत नाहीत. टूर कंपनीला विचारलं तर म्हणे, सगळं सुरळीत आहे. इतक्या घाईनं म्हणाले की मला खरं वाटलं नाही. तुझी केबिन बोटीच्या पोटात, पाण्याच्या खाली की वर तेही मला ठाऊक नाही. पार्लर बंद करून घरी आलेय.

अक्के, मी भावोजींना सांगितलं होतं. केबिनचं आणि खुर्च्यांचंही. विम्याच्या पाकिटातून. मला वाटलं, चांगल्यासाठी करतेय. तू मला काय वाट्टेल ते बोल, पण आधी फोन कर आणि मग भांड.

छकुली


२४ मार्च

छकुले,

फोन केलाच. तू इतकी रडलीस की भांडायचं राहून गेलं. ते आता लेखी करते: तू चहाडखोर आहेस, लहानपणापासून आहेस, आणि विम्याचं पाकीट ही हद्द झाली. झालं भांडण.

आता वादळाचं. फोनवर 'सुखरूप आहोत' एवढंच सांगितलं, कारण हे शेजारी उभे होते.

आठव्या दिवशी समुद्र बिघडला. सगळ्यांनी आपापल्या केबिनमध्ये जावं, बाल्कन्यांची दारं लावून घ्यावीत, असं कर्ण्यातून सांगितलं. मी खाली पडून होते. भिंती जरा कुरकुरत होत्या, पाळण्यात घातल्यासारखं होत होतं, त्यापलीकडे काही नाही. मग कळलं की बोट हलते ती वर जास्त हलते आणि पोटात कमी.

दारावर थाप पडली. उघडलं तर हे. रात्रीच्या कपड्यांवर ते फुगवायचं नारिंगी जाकीट, काखेत उशी, चेहरा पांढराफटक.

"वर जरा हलतंय," म्हणाले आणि माझ्या सपातांवर ओकले.

माझ्यातली नर्स तुला माहीत आहे. जाकीट उतरवलं, तोंड पुसलं, कुशीवर निजवलं, जिभेवर बर्फाचा खडा ठेवला. बादली उशाशी. पलंग एकट्या माणसाचा, म्हणून त्यांना भिंतीकडे ढकललं आणि कडेला मी लवंडले. एक कुल्ला माझा बाहेरच होता. हे म्हणाले, "दिवा मालव, डोळ्यांपुढे गरगरतंय." मालवला. दिवस होता की रात्र, विचारू नकोस. त्या खोलीत ती सोय नाही.

मग अंधारातून आवाज आला, "जागी आहेस?"

"तुम्ही ओकलात तर कोण धरणार? जागी आहे."

"छकुलीचं पत्र आलं होतं मला."

"भुवया बघितल्या तेव्हाच कळलं."

"सराव केला होता."

"दिसलं ते."

बोट एकदा जोरात कलली, ह्यांनी माझा दंड धरला आणि मग सोडलाच नाही. म्हणाले, "सकाळी दारात भेटायचो तेव्हा तू उभ्याउभ्या पेंगत असायचीस. म्हणून मी महत्त्वाचं तेवढंच सांगायचो."

"बरोबरच करायचात."

"त्यामुळे बिनमहत्त्वाचं सगळं राहून गेलं."

मी म्हटलं, "मग आता सांगा. कुठे जाणार आहे मी?"

आणि छकुले, हा माणूस बोलायला लागला. तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल. भूगोलाच्या पुस्तकात एक नदी डोंगर चढत होती, ती ह्यांनी पकडली आणि लेखकानं साधे आभार मानले नाहीत. तो राग इतक्या वर्षांनी ताजा! समोरच्या इमारतीतल्या वकिलानं एकदा बासरी आणली, एकच दिवस वाजवली आणि बायको माहेरी गेली. एकदा हे पोरांना घेऊन माझ्या दवाखान्यासमोर आले होते आणि कोणती खिडकी माझी ते न कळल्यामुळे सगळ्याच खिडक्यांना हात हलवून परत गेले. मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मग म्हणाले, "आपल्या लेकीचा पहिला शब्द कोणता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं? 'आई'. तुम्हीच दारात सांगितलंत. मी त्या दिवशी झोपलेसुद्धा नाही."

"'आई' नव्हता."

"मग?"

"'श्श.' घरात दिवसभर सगळे तेच म्हणायचे ना, आई झोपलीये म्हणून. ती पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली, तुझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'श्श.'" जरा थांबून म्हणाले, "तुला सांगताना मी दुरुस्ती केली."

बरं झालं खिडकी नव्हती. ह्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. ओकारी ह्यांना आणि थोपटून मला.

पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण मला झोप लागली. समुद्र कधी शांत झाला, कळलं नाही. उरलेल्या दिवसांत वरच्या केबिनमध्ये कोणी राहिलं नाही. दोन खुर्च्यांवर माझ्या सपाता आणि ह्यांचे कपडे वाळत होते. छान ऊन येतं म्हणे तिथे, आवरणारी बाई सांगत होती.

वादळानंतर जागी झाले तेव्हा अंधार तसाच होता आणि ह्यांचा आवाज चालूच होता. मी हलल्यावर थांबले.

"कुठपर्यंत ऐकलंस?"

"'श्श'पर्यंत."

"म्हणजे छापखान्यातलं कुत्रं राहिलं."

"मी झोपलेय हे कळलं नाही का?"

"कळलं. घोरत होतीस." मग जरा वेळानं, "मला ते माहीत नव्हतं."

"कुत्र्याचं काय झालं?"

"तसं फार काही नाही," हे म्हणाले, आणि उशी सारखी करून अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.

अक्का